मास्तरांचा रानहॉक

किडे ओळखून देण्याचा पगार मिळतो, यावर बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत कुणाचाही शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "म्हणजे फवारणीचं खातं का?" असं विचारलं जाई. मी नाही म्हटलं की विचारणारी बाई जरा हिरमुसायची, कारण तिच्या ओट्याखाली झुरळं झालेली असत. पुण्यातल्या एका जुन्या संग्रहालयाच्या कीटक विभागात मी सगळी नोकरी काढली. टाचणीवर टोचलेले किडे खणांमध्ये ओळीने लावायचे, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, आणि बाहेरचं कुणी काही घेऊन आलं तर ते काय आहे ते सांगायचं, एवढं माझं काम. आमच्या यजमानांची ओळख लोक "किडेबाईंचे मिस्टर" अशी करून देत. त्यांनी ती जन्मभर हसून घेतली.

येणारी माणसंही एकेक नग असत. मार्केट यार्डातले एक शेठ तुरीच्या पोत्यात निघालेले भुंगेरे पुडीत बांधून घेऊन आले. माल परगावाहून आला होता आणि कीड तिथेच लागली होती असं त्यांचं म्हणणं. "मॅडम, जास्त काही नको. हा किडा बाहेरगावचा आहे, एवढंच लिहून द्या." मी म्हटलं, "शेठ, याच्याकडे रेशनकार्ड नाही हो." शेठ पुडी उचलून गेले ते परत आले नाहीत. कर्वेनगरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी बरणीत मोठा पतंग घालून आले. त्याच्या पाठीवर कवटीसारखी खूण होती आणि सोसायटीत कुणीतरी करणी केली अशी चर्चा चालू होती. पतंग निरुपद्रवी असल्याचं मी संग्रहालयाच्या कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते सूचनाफलकावर लावलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. "त्यात पतंग परत येणार नाही असं कुठे म्हटलंय?"

तो पतंग हॉकमॉथ होता, आणि मला सांगायची आहे ती गोष्टही एका हॉकमॉथचीच. त्यासाठी आमच्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. हॉकमॉथ म्हणजे जाड अंगाचा, निमुळत्या पंखांचा, सुसाट उडणारा पतंग. संध्याकाळी जाईच्या वेलाशी हवेत एका जागी थांबून तो लांब सोंडेने मध पितो तेव्हा लोकांना छोटा पक्षीच वाटतो. पुण्यात जिथे कण्हेर आणि तगर आहे तिथे यातला एक हिरवा, संगमरवरासारख्या नक्षीचा पतंग दिसतो. आम्ही त्याला कण्हेरीचा हॉक म्हणायचो. त्याचा एक भाऊबंद घाटाकडच्या ओल्या रानात राहतो. तो रानहॉक. दोघं दिसायला जवळजवळ सारखे. रानहॉकच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा ठिपका असतो आणि मानेवरचा रंग गडद असतो, एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक.

ताजे असताना हा फरक कळतो. पण जुन्या नमुन्यांचा हिरवा रंग उडतो आणि दोघंही गोणपाटाच्या रंगाचे होतात. पंखांवरची भुकटी झडली तर ठिपकाही जातो. मग आम्ही पोट बघतो. नराच्या पोटाच्या टोकाशी चिमट्यासारखे कडक भाग असतात आणि ते प्रत्येक जातीचे वेगळे असतात. टोकावरची लव बारीक ब्रशने झटकली की भिंगाखाली ते दिसतात आणि वाद मिटतो.

नमुन्याच्या टाचणीवर, किड्याच्या खाली, कागदाचे कपटे टोचलेले असतात. पहिल्यावर कुठे, कधी, कुणी पकडला. दुसऱ्यावर ज्याने ओळखला त्याचं मत. पुढे कुणाला वेगळं वाटलं तर त्याने आपला कपटा त्याखाली टोचायचा. आधीचा कपटा काढायचा नाही, मग तो कितीही चुकीचा असो. मला काम शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी हा नियम सांगितला होता.

माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता तेव्हा मंदाताई आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, ताठ. त्यांनी टेबलावर रंगांची एक जुनी लाकडी पेटी ठेवली. आत तळाला बूच बसवलेलं आणि त्यावर टाचणीला एकच हॉकमॉथ. बाकीचे केव्हाच किडींनी खाल्ले होते, टाचण्या तेवढ्या उभ्या होत्या.

"माझे वडील शाळेत ड्रॉइंग मास्तर होते," त्या म्हणाल्या. "पतंग गोळा करायचे, त्यांची चित्रं काढायचे. शाळेचा समारंभ आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी अप्पांच्या चित्रांचं प्रदर्शन करायचं ठरवलंय."

"अरे वा."

"वा काही नाही. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, सगळी लावा, हे एक वगळा. हे खोटं आहे." त्यांनी पिशवीतून चित्र काढलं. हिरवागार पतंग, पंखाच्या टोकाशी स्वच्छ पांढरा ठिपका. खाली सुंदर अक्षरात लिहिलेलं: रानहॉक, आमची बाग. "अप्पांनी हा कर्वेनगरच्या आमच्या बागेत धरला. तेव्हा तिकडे मळे होते. पण तुमच्याच इथल्या साहेबांनी बघून सांगितलं, हा कण्हेरीचा. त्यावरून अप्पांची फार चेष्टा झाली. 'रानमास्तर' म्हणायचे लोक. त्यानंतर अप्पांनी जाळं हातात धरलं नाही."

मी कपटे वाचले. पहिल्यावर मास्तरांनी लिहिलं होतं: बाग, संध्याकाळ. गाव नाही, तारीख नाही, नाव नाही. आमच्या हिशेबाने असा कपटा असून नसल्यासारखाच. दुसऱ्यावर कण्हेरीच्या हॉकचं शास्त्रीय नाव होतं आणि त्याखाली सही. ते अक्षर मी लगेच ओळखलं. सही आमच्या सरांची होती.

"तो कागद आधी काढून टाका," मंदाताई म्हणाल्या.

"तो काढता येणार नाही."

"चुकीचा ठरला तरी?"

"ठरला तरी."

"कमाल आहे तुमची. आमच्याकडे चुकीची नोंद झाली तर दुरुस्त करायचो."

"इथे खाली नवी लिहितात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काउंटरच्या पलीकडची, फॉर्म चुकवून आणलेली खातेदार असावी. मग म्हणाल्या, "हे बघा, अप्पा गेले. त्यांना आता काही फरक पडत नाही. मला पडतो. चित्र लागलं नाही तरी चालेल. पण खोटं म्हणून काढलेलं मला चालणार नाही."

पेटी ठेवून त्या गेल्या. मी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. ठिपक्याची जागा झिजली होती, पण कडेला चार-दोन पांढरे खवले शिल्लक होते. मानेवरची लव गडद. कपाटातल्या दोन्ही जातींचे खण काढून शेजारी ठेवले, पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. पंख रानहॉकचे होते, त्यात शंका नव्हती. मग पोटाचं टोक बघितलं. सरांनी ब्रशने झटकलेली जागा अजून उघडीच होती. तिथले चिमटे कण्हेरीच्या हॉकचे होते, आणि त्यातही शंका नव्हती.

खरं सांगते, मी मनातल्या मनात मांडे खायला लागले. पंख एकाचे, पोट दुसऱ्याचं, म्हणजे हा तिसराच कुणीतरी असणार! नवी जात! निवृत्तीच्या उंबरठ्यावर नव्या जातीला नाव द्यायचं भाग्य! नाव मास्तरांचं द्यावं की सरांचं, इथपर्यंत माझी मजल गेली. घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "आधी तो पतंग एकच आहे ना, ते बघ." त्यांना किड्यांतलं काही कळत नव्हतं, त्यांनी आपलं गमतीने म्हटलं होतं.

अशा कामाला पोट सोडवून आतून तपासावं लागतं आणि वाळलेला किडा कुरकुरीत असतो. म्हणून त्याला ओलाव्याच्या डब्यात ठेवतात. तळाला ओली वाळू, वर जाळी, बुरशी येऊ नये म्हणून कार्बोलिकचे थेंब, आणि घट्ट झाकण. दोन-तीन दिवसांत सांधे मऊ होतात. मी झाकण उघडलं तेव्हा पतंगाचं पोट कलून लोंबत होतं. सांधे मऊ झाल्यामुळे एवढं कलत नाही. भिंग लावलं तर छाती आणि पोट यांच्यामध्ये, लवेखाली, पांढरट फुगलेला लगदा दिसला. साधा बाभळीचा डिंक. तोही सढळ हाताने लावलेला, एक ओघळ मागच्या पंखावर आलेला. नवी जात तिथेच संपली. मी टेबलाशी बसून एकटीच हसले.

तुटलेल्या किड्याला दुसऱ्याचं पोट चिकटवण्याचा प्रकार आमच्या धंद्यात नवा नाही. पतंग विकणारे तर सर्रास करतात. सरांनी टोक बघितलं, सांधा बघितला नाही. पोट बघितलं की वाद मिटला अशीच आम्हा सगळ्यांची समजूत. सरांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पण डिंक भिजूनही पोट गळून पडलं नव्हतं, लोंबत होतं. ते कशाने धरलं होतं हे बघितलं तर आत गवताची बारीक काडी घातलेली. तिच्या दोन्ही टोकांना मधाच्या रंगाचं, केसाइतकं नाजूक कडं होतं. ते पाण्याने विरघळलं नव्हतं. ब्रशच्या टोकाने स्पिरिटचा थेंब लावला तसं ते सुटायला लागलं. लाख होती. डिंक लावणारा हात आणि लाख लावणारा हात एक असणं शक्य नव्हतं. डिंक थापलेला होता, लाख रेखलेली होती.

मंदाताईंना फोन करून बोलावलं.

"तुमच्या वडिलांचं बरोबर होतं," मी आधीच सांगून टाकलं. "हा रानहॉक आहे."

त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीचा हात धरला. म्हणाल्या, "मग तुमचे साहेब चुकले."

"त्यांनी जे बघितलं ते बरोबरच बघितलं. पोट कण्हेरीच्या हॉकचं आहे. पण हे पोट याचं नाहीच. कुणीतरी दुसऱ्याचं चिकटवलंय."

मला वाटलं त्या चिडतील, मास्तरांवर नवा आळ घेताय का म्हणतील. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"डिंकाने?" त्यांनी विचारलं.

डिंकाचं मी काही बोलले नव्हते.

"मी चिकटवलं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांची होते. मैत्रिणीला दाखवायला पेटी काढली आणि हा हातातून पडला. पोट तुटलं, तिच्या पायाखाली गेलं, त्याचा भुगा झाला. अप्पा शाळेत होते. दुसऱ्या दिवशी ते हा घेऊन तुमच्या साहेबांकडे यायचे होते. मी काय करू? पेटीतल्या दुसऱ्या पतंगाचं पोट काढलं आणि याला लावलं. सारखंच दिसत होतं हो! तो बिनपोटाचा पार कोपऱ्यात सारला. अप्पांच्या काही लक्षात आलं नाही. मी पुढे कितीदा सांगायचं ठरवलं, राहिलंच." मग त्यांना हळूहळू उमगत गेलं. "म्हणजे साहेबांनी बघितलं ते मी लावलेलं पोट? अप्पांची चेष्टा माझ्यामुळे झाली?"

हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणणं खोटं ठरलं असतं. पण मला त्या लाखेचं कोडं पडलं होतं. मी विचारलं, "त्या दिवशी निघण्याआधी अप्पांनी पेटी उघडली होती का?"

"आठवत नाही." त्यांनी पेटी जवळ ओढली. "मी वेणी घालून आले तेव्हा ते टेबलाशी होते. खोलीत स्पिरिटचा वास येत होता. मला वाटलं चित्रावर लाख मारताहेत. कोळशाची चित्रं पुसली जाऊ नयेत म्हणून स्पिरिटात लाख विरघळवून फुंकायचे ना ते."

मी सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे वळवला. "ही काडी दिसते? आणि तिच्या टोकाचं पिवळं कडं? ती लाख आहे. तुमचा डिंक ओला असणार. वाटेत हिसका बसून पोट पडलं असतं. म्हणून आतून काडी घालून सांधा पक्का केलाय."

त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. चष्मा कपाळावर, एक डोळा मिटलेला.

"म्हणजे त्यांना दिसलं होतं."

"दिसलंच असणार. पेटीत दुसरा बिनपोटाचा होता की."

"तरी मला काही बोलले नाहीत. उलट म्हणाले, चल, तुलाही दाखवतो संग्रहालय. सायकलवर पुढे बसवून आणलं."

"इथे आणलं? तुम्ही इथे होतात, सरांनी सांगितलं तेव्हा?"

"होते ना. अप्पांचं बोट धरून उभी होते. साहेब ब्रशने काहीतरी झटकून बघत होते. मग म्हणाले, 'मास्तर, कण्हेरीच्या कुंपणाला रान म्हणायला लागलात की काय?' तिथे आणखी दोघं-तिघं होते, ते हसले. अप्पा म्हणाले, 'असेल, असेल.' एवढंच. जाताना मला विचारलं, पाय दुखले का उभं राहून."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या, आणि मीही. कीटक विभागात दोन म्हाताऱ्या बायका एका पतंगासमोर रडताहेत हे बघून दारातला शिपाई मुकाट्याने चहा सांगायला गेला. हे पोट याचं नाही, पोरीने चिकटवलंय, एवढं मास्तरांनी म्हणायचा अवकाश होता. सर हसले असते आणि त्यांनी पंख बघितले असते. पण ती बोट धरून शेजारी उभी होती, आणि मास्तर बोलले नाहीत.

मास्तरांना नंतर कधी एकटं येऊन सरांना सांगता आलं असतं, असं मला वाटलं. मंदाताईंपाशी याचं उत्तर तयार होतं. "सांगितलं असतं तर तुमच्या साहेबांनी पोट काढून ठेवलं असतं. मी पेटी रोज उघडायची. मला लगेच कळलं असतं." हे खरं आहे. परकं पोट सोडवून वेगळ्या कुपीत ठेवायचं, असाच नियम आहे. हे उलगडलं तेव्हा सर हयात नव्हते, नाहीतर मी त्यांना हे सगळं सांगितलं असतं. ते तिरकस बोलायचे पण मनाने मऊ होते. स्वतःच्या हाताने नवा कपटा लिहून द्यायला ते मास्तरांच्या घरी गेले असते याची मला खात्री आहे.

प्रदर्शनात चित्र लागलं. नमुना तपासून रानहॉक असल्याचं मी लिहून दिलं होतं, ते त्याखाली चिकटवलं होतं. समितीतले ते गृहस्थ काठी टेकत आले, चष्मा सारखा करून चित्राच्या अगदी जवळ गेले. "ठिपका आहे खरा," म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे वळले. पुण्यात याला माफी म्हणतात हे मी मंदाताईंना समजावून सांगितलं. त्यांना ते माहीत होतंच.

प्रदर्शन संपल्यावर मंदाताई पेटी घेऊन पुन्हा आल्या. पतंग संग्रहालयाला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. आता नियमाप्रमाणे पोट सोडवायचं, कुपीत घालायचं आणि कुपी टाचणीला लावायची. मी चिमटा आणि स्पिरिट काढून ठेवलं होतं.

"काढायलाच हवं का?" त्यांनी विचारलं.

"पुढे कुणाची फसगत होऊ नये म्हणून काढतात."

"कपट्यावर लिहिलंत तर नाही होणार फसगत."

मी चिमट्याकडे बघितलं, पतंगाकडे बघितलं. सगळ्या नोकरीत मी नियम मोडला नव्हता. चिमटा खणात ठेवून दिला. भिजून सुटलेल्या जागी लाखेचा एक थेंब मीही लावला, मास्तरांच्या काडीला लागूनच.

"आणि साहेबांचा कागद राहू दे," त्या आपणहून म्हणाल्या. "त्यांना तरी काय माहीत."

मग मी नवा कपटा घेतला. गावाबद्दल आमचा नियम कडक असतो. मूळ कपट्यावर नसलेलं आपल्या मनाने घालायचं नाही, ऐकीव असेल तर तसं लिहायचं. मी लिहिलं: कर्वेनगर, मुलीच्या सांगण्यावरून. मग पुढे: डोके, छाती, पंख रानहॉकचे. पोट कण्हेरीच्या हॉकचे, मुलीने चिकटवलेले. सांधा वडिलांनी पक्का केला. खाली सही केली. नखाएवढ्या कागदावर हे सगळं मावेना, म्हणून दोन्ही बाजू भरल्या.

मंदाताईंनी भिंग मागून घेतलं आणि उलटसुलट करून कपटा वाचला. बँकेतल्या बाई होत्या, वाचल्याशिवाय कशाला सोडतात. वाचून झाल्यावर त्या थोड्या घुटमळल्या.

"मुलीने चिकटवलेलेच्या पुढे 'वय वर्षे नऊ' एवढं घालता येईल का हो?"

जागा अजिबात नव्हती. मी तो कपटा बाजूला ठेवला, नवा घेतला आणि अक्षर आणखी बारीक करून सगळं पहिल्यापासून लिहायला बसले.